केसाळ्याचं पोट आणि माझा हात

त्या वर्षी मी रोज सकाळी देवाच्या आधी कुत्र्याची शी बघायचे.

तोंडसुद्धा धुतलेलं नसायचं. पदर खोचायचा, मागच्या अंगणात जायचं आणि काळ्या फरशीवर वाकून उभं राहायचं. रंग कसा आहे, पाणी किती आहे, आव पडली का, रक्ताची रेघ दिसते का. ज्योतिषी पत्रिकेवर वाकत नाही इतकी मी वाकायचे. पलीकडच्या अंगणात सडा घालणारी बाई हात थांबवून बघत राहायची. तिला काय वाटत असेल ते वाटो. मला त्या घाणीतून रोज एकच गोष्ट समजून घ्यायची असायची: हे जीव धरून राहणार, की माझ्या हातून जाणार?

पंचविशीतली ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिच्या डोक्यात एक टपली मारीन आणि मग तिला जवळ घेईन. पण टपली आधी.

एकोणीसशे सत्तरनंतरची ही गोष्ट. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. आमचे हे वारणानगरला नोकरीला होते, रविवारी तेवढे घरी यायचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ही शेवटची गोष्ट कुणी तोंडानं बोलायचं नाही, पण घरातली भांडीसुद्धा ती जाणून होती.

एका रविवारी हे कापडी पिशवी छातीशी धरून आले. पिशवीतून दोन काळे डोळे आणि एक ओलं नाक बाहेर. यांच्या कॉलनीतल्या एका साहेबांची लांब बदली झाली होती, त्यांचं हे पामेरियन कुत्रं. मांजरापेक्षा थोडं मोठं, पांढरं, सगळीकडून केस. त्याला एक झोकदार इंग्रजी नाव होतं. सासूबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, जीभ अडखळली, आणि त्यांनी निकाल दिला, "केसाळ्या म्हनायचं. बास."

साहेबांच्या बायकोनं सोबत चिठ्ठी दिली होती. छान वळणदार अक्षर: याचं पोट नाजूक आहे. मऊ भात आणि थोडं बिनमसाल्याचं उकडलेलं मटण, बाकी काही देऊ नये.

मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली आणि हसले. "बाकी काही नको म्हणे! म्हणून तर एवढंसं राहिलंय बिचारं." आणि चिठ्ठी चुलीत घातली. टपली म्हणते ती यासाठी.

माझं माहेरही कोल्हापुरातलंच, तालमीशेजारचं. वडील स्वतः कधी लंगोट कसून मातीत उतरले नाहीत, पण पैलवानांत उठबस. आमच्या घरात आजार कुठलाही असो, औषध एकच: दूध. ताप आला, दूध. पाय मुरगळला, दूध. परीक्षेत नापास झालं तरी आई आधी पेलाभर दूध पुढं ठेवायची आणि मग रागवायची. तेसुद्धा बाटलीतलं, तापवलेलं, साय धरलेलं नव्हे. म्हैस समोर उभी, धार पितळेच्या चरवीत वाजतेय, फेस वर आलाय, आणि तो पेला कोमट आहे तोवर उभ्या-उभ्या रिकामा करायचा. आमच्या गावात संध्याकाळी चौकाच्या कडेला म्हशी आणून उभ्या करतात, लोक रांगेनं पेले घेऊन पितात. दूधकट्टा. सासरच्या घरापासून तो चार पावलांवर होता, आणि लग्न ठरताना मुलाइतकंच मी हेही बघितलं होतं.

तेव्हा मी काय केलं असेल? केसाळ्याला काखोटीला मारलं आणि कट्ट्यावर गेले.

तिथल्या गवळ्यानं त्याला बघितलं आणि म्हशीखाली बसल्या-बसल्याच ओरडला, "काय वैनी, नवा पैलवान आनलाय व्हय? वजन किती भरतंय?"

"पुढच्या दिवाळीला विचारा," मी म्हटलं. "तुमची म्हैस मागं सरेल ह्याला बघून."

"मग घ्या की! पैल्या पैलवानाचा पेला."

बशीत फेसाळ दूध ओतलं. केसाळ्यानं नाक बुडवलं, शिंकला, आणि मग असा लपालपा प्यायला की रांगेतले बाप्ये पेले तसेच धरून बघत राहिले. मिशीला फेस, डोळे मिटलेले. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. मूल नव्हतं ना. कुणीतरी माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी पीत होतं.

मग ते रोजचं झालं. संध्याकाळी कट्ट्यावरचं, आणि लोटीत घरी आणलेल्यातलं उरलेलं सकाळी.

आठ-दहा दिवसांत पोट बिघडलं.

पहिल्यांदा मी मनावर घेतलं नाही. जागा बदलली, पाणी बदललं, होतंय. मग ते थांबेना. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. पोटात गुडगुड वाजायची, ती मला स्वयंपाकघरातून ऐकू यायची. केसाळ्या पाठ कमानीसारखी करून अंगणाच्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि मान वळवून माझ्याकडं बघायचा, जसं काही मी त्याला कुठली शिक्षाच केली आहे. शेपटीकडचे पांढरे केस पिवळे पडले. ते धुवायला गेलं की थरथरायचा.

मी एकेक पदार्थ कापायला सुरुवात केली. आधी ज्वारीची भाकरी बंद. ती जड. मग मटण बंद, ते उष्ण. मग तूरडाळ, ती वातूळ. केळं दिलं, केळं बांधतं म्हणून. बांधलं नाही. मारी बिस्किट दिलं. नाचणीची आंबील दिली. ओळखीपाळखीत ज्यांनी जे सांगितलं ते केलं. डाळिंबाची साल वाळवून कुटली. जायफळ उगाळलं. सुंठ उगाळली. आणि हे सगळं कशात कालवून दिलं असेल? अहो, दुसरं कशात देणार? औषध कडू असतं. दुधात दिलं.

आता तुम्ही मनात हसत असाल. हसा. पण तेव्हाच्या मला ते दिसत नव्हतं, आणि मला एकटीलाच दिसत नव्हतं असंही नाही. आमच्या गावात दुधाला खाण्यात धरतच नाहीत. तुम्ही काय जेवलात असं विचारलं तर माणूस भाकरी सांगेल, आमटी सांगेल, लोणच्याची फोडसुद्धा सांगेल. पेलाभर दूध सांगणार नाही. ते जेवणाच्या आधी झालेलं असतं, किंवा नंतर. ते मोजणीच्या बाहेर.

जेव्हा काही उपाय चालेना तेव्हा मी गुन्हेगार शोधायला निघाले. तो मला भिंतीपलीकडंच सापडला.

आमच्या मागच्या अंगणाला दुसऱ्या बाजूनं लागून कल्हईवाल्याचं घर होतं. पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांना कल्हई करणारं मुसलमान कुटुंब. घरातल्या बाईला अख्खी गल्ली भाभी म्हणायची. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, आवाज असा की तिनं हाक मारली तर चौकातला गवळी मागं बघेल. तिच्या घरी मटण शिजलं की वास आमच्या अंगणात यायचा, आणि केसाळ्या भिंतीच्या फटीला नाक लावून बसायचा. मी हिशेब जुळवला. भाभी ह्याला हाडं टाकते.

पदर खोचून भिंतीपाशी गेले आणि तोफ डागली. "भाभी, तुमच्या घरची मसाल्याची हाडं टाकू नका माझ्या कुत्र्याला. मरायला टेकलंय ते तुमच्यामुळं."

भाभी भांडं घासत होती. तिनं राखेचा हात तसाच कमरेवर ठेवला.

"काय म्हनालीस? हाडं? अगं, आमच्यात सा पोरं हाईत. हाडं ती चोखून चोखून अशी पांढरी करत्यात की मला भांड्यात घालून परत रस्सा करता येत न्हाय. तुझ्या कुत्र्याला कुठनं टाकू?"

"मग ते इथंच का बसतंय?"

"वास फुकट हाय म्हनून!" ती म्हणाली. "जा, बघ तुझ्या चुलीपाशी काय पडलंय ते. माझ्या चुलीपाशी यायचं न्हाय परत."

त्या दिवसापासून बोलणं बंद. ती माझ्या बाजूला पाठ करून कपडे वाळत घालायची. मी माझ्या मनात जिंकलेली. केसाळ्या त्या दिवशी सात वेळा अंगणात गेला.

आता जे सांगायचं आहे ते त्या वेळी कुणी लिहिलं नसतं, मीही नसतं लिहिलं. पण माझं वय आता असं आहे की लाजायला वेळ पुरत नाही.

महिन्यातले चार दिवस मी बाजूला बसायचे. सगळ्याच बसायच्या. मागची छोटी खोली, वेगळी चटई, वेगळं ताट. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, कट्ट्यावर जायचं नाही. त्या चार दिवसांत सासूबाई गुडघे धरत घर चालवायच्या. चहापुरतं थोडं दूध समोरच्या घरातून यायचं. केसाळ्याला त्या माजघरात ठेवायच्या, कारण ते मला शिवणार आणि तसंच चुलीपाशी जाणार. त्यांच्याकडं त्याच्यासाठी औषधंबिषधं नव्हती. जे सगळ्यात सोपं ते करायच्या: भात मऊ गिजवायचा, त्यावर मुगाच्या डाळीचं वरचं पाणी. मीठसुद्धा नाही.

दर महिन्याला ते चार दिवस आले की मनात आधी एकच यायचं. परत नाही. ह्याही महिन्यात नाही. सासूबाई काही म्हणायच्या नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं फक्त एकदा बघायच्या. ते त्यांचं बघणं मी चटईवर बसून चार दिवस आठवत राहायचे.

आणि त्याच चार दिवसांत केसाळ्या बरा व्हायचा.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, डाळिंबाची साल लागू पडली. दुसऱ्या दिवशीच पोटातली गुडगुड थांबली होती. तिसऱ्या दिवशी तो माजघरात सासूबाईंच्या पायांभोवती उड्या मारत होता, मला दाराच्या फटीतून दिसत होतं. पाचव्या दिवशी मी न्हाऊन बाहेर आले, त्याला उचललं, आनंदानं कट्ट्यावर नेलं. शक्ती भरून यायला हवी ना! सातव्या दिवशी परत तेच.

दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं. या वेळी सासूबाई बोलल्या. त्या वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. टोचायला म्हणून बोलल्याच नाहीत. तांदूळ निवडता-निवडता, सुपातल्या खड्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, "तू बाजूला बसतीस तवा बरं असतंय ते. तुझा हात लागला की बिघडतंय. काय की बाई."

मी मागं जाऊन दोन्ही हात पुढं धरले आणि बघत बसले. बांगड्या होत्या. हळदीचा डाग होता. चांगले हात होते. पण सासूबाई म्हणत होत्या ते खरं होतं, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं होतं. या हातात काही टिकत नाही. पोटात टिकत नाही, मांडीवर टिकत नाही. हे मी स्वतःला एकदा म्हटलं आणि मग ते वाक्य जाईना. कणीक मळताना यायचं. केस विंचरताना यायचं.

तेव्हा मी शेवटचा उपाय म्हणून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर बैल, दोन म्हशी, एक शेळी; मध्ये मी, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं हे. एका म्हातारबानं वाकून विचारलं, "काय हाय पोरी ह्यात? ससा?"

डॉक्टर भले होते. त्यांनी पोट दाबून बघितलं, पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "खायला काय काय देता?"

मी धडाधडा सांगितलं. भाकरी बंद केली, मटण बंद केलं, डाळ बंद केली, आता फक्त मऊ भात, मारी बिस्किट, कधी केळं.

"अजून काही?"

"अजून काही नाही," मी म्हटलं. देवाशपथ, मी खोटं बोलत नव्हते.

"मग उद्याचा दिवस लंघन. पोटात काही जाऊ द्यायचं नाही. पाणी तेवढं. परवापासून थोडा-थोडा भात. आणि ही पूड दोन वेळा."

लंघन म्हणजे उपवास. तो मला काय कुणी शिकवायला हवा? आमच्या घरात आठवड्यातून दोन उपवास. दुसऱ्या दिवशी मी अगदी कडक नियम पाळला. भात नाही, बिस्किट नाही. साबुदाणा चिकट म्हणून तोही नाही. शेंगदाणा नाही. उपवासाला चालणारं जे सगळ्यात हलकं, सगळ्यात पवित्र, तेवढंच दिलं. दिवसातून चार वेळा, चार बशा. आणि पूड त्यातच कालवली.

दुपारी रक्त पडलं.

अंगणात ऊन होतं. केसाळ्या कोपऱ्यापर्यंत गेलाच नाही, वाटेतच बसला आणि मग आडवा झाला. त्या फरशीवर लाल पाणी होतं. मी त्याला टॉवेलात घेतलं. इतकं हलकं झालं होतं ते, नुसते केस उचलल्यासारखं. डोकं माझ्या मनगटावर पडलं आणि तिथंच राहिलं. हाक मारली तर कान हलला, डोळे उघडले नाहीत. मी चमच्यानं पाणी घातलं, ते एका बाजूनं बाहेर आलं. मला शेजारी कुणाला हाक मारता येत नव्हती, भाभीशी बोलणं बंद. हे वारणानगरला. सासूबाई दारात उभ्या होत्या, चौकटीला धरून. त्या आत आल्या नाहीत, मीही त्यांना या म्हटलं नाही. मी त्याच्या कानाशी सारखं म्हणत होते, "माझ्या हातात नको रे. माझ्या हातात नको."

सासूबाईंनी ते ऐकलं असावं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "खाली ठेव त्याला. गार जागेत. तू बाजूला हो."

मी बाजूला झाले. आणि खरंच सांगते, त्याच संध्याकाळी माझे चार दिवस आले. मी मागच्या खोलीत, ते माजघरात. सासूबाई त्याला बोटानं भाताची पेज चाटवत होत्या, मला आवाज येत होता, "घे रं केसाळ्या. घे माझ्या राजा." तिसऱ्या दिवशी ते उठून उभं राहिलं. चौथ्या दिवशी भुंकलं.

पाचव्या दिवशी न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून मी माजघरात आले. तो माझ्याकडं धावला. मी वाकले. सासूबाईंनी मध्ये हात घातला आणि त्याला आपल्याकडं ओढलं.

"नगं शिवूस," त्या म्हणाल्या. "बरं झालंय ते."

चार दिवस संपले होते आणि तरी मी त्याला शिवायचं नव्हतं.

रविवारी हे आले. दोघींची तोंडं बघून म्हणाले, "हातकणंगल्याला मामाच्या मळ्यात सोडून येतो. मोकळ्यावर राहील." मामाच्या मळ्यात तीन कुत्री होती, एकेकाचं डोकं केसाळ्याएवढं. मी नाही म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना तोंडावर नाही म्हटलं असेन. मग केसाळ्याला टॉवेलात घेतलं, टॉवेलातूनच, हात न लावता, आणि भाभीच्या दारात जाऊन उभी राहिले.

भाभीनं दार उघडलं. बघितलं.

"तुम्ही ठेवा ह्याला," मी म्हटलं. "माझ्याकडं जगत नाही."

"हाडं टाकीन की मी," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिला ते अपेक्षित नसावं. तिनं मला आत ओढलं, दार लावलं. "अगं गप. गप की. गल्ली बघतीया." मग टॉवेल उचलून आत डोकावली. "हे बघ, घरात न्हाय घेनार मी. आत नमाजाची जागा हाय, ह्याची लाळ लागली की सगळं धुवायला लागतंय. मागं पडवीत भट्टी हाय, तिथं ऊब असते. तिथं ठेवतो मी." आमच्या पेठेत बायका येतो-जातोच म्हणतात, मीही म्हणायचे; इथं लिहायचं म्हणून जरा नीटनेटकी वागते आहे. "आनि हा काय खातो?"

"भात," मी म्हटलं. "बाकी काही नको." साहेबांच्या बायकोची चिठ्ठीच बोलले की मी, शब्दाला शब्द.

आठ दिवस मी भिंतीच्या फटीतून बघत होते. माणसाला दुसरं कामच नसावं तसं. पहिल्या दिवशी तो झोपून होता. तिसऱ्या दिवशी कोंबडीच्या मागं लागला. पाचव्या दिवशी भाभीनं ओरडून मला ऐकू जाईल असं तिच्या नवऱ्याला सांगितलं, "घट्ट करतोय बरं का आता!" मी भिंतीला टेकून खाली बसले. आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण त्या आनंदाच्या बुडाशी काय होतं ते सांगते: म्हणजे माझाच हात. आता पुरावा मिळाला.

नवव्या दिवशी मला राहवलं नाही. भाभी कुठं बाहेर गेली होती. कट्ट्यावरून येताना लोटी हातात होतीच. ठरवलं, त्याला शिवायचं नाही, लांबूनच भेटायचं. भिंतीवरून वाकून बशी खाली सोडली, लोटी तिरकी केली. तो आला, प्यायला, मान वर करून माझ्याकडं बघितलं. मिशीला फेस. मी बशीसुद्धा काठीनं ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाभीची हाक आली. चौकातल्या गवळ्यानंही मागं बघितलं असेल.

पडवीत जाऊन बघते तर तेच. तेच पिवळं पाणी, तीच कमान झालेली पाठ. मी दारातच थांबले.

"मी हात लावला नाही भाभी. शपथ घेते. नुसतं भिंतीवरनं बघितलं. नुसतं बघितलं तरी..."

"नुसतं बघितलंस?"

"हो."

"काय घातलंस?"

"काही नाही. दूध."

भाभीनं कमरेवर हात ठेवला.

"काही न्हाय म्हंतीस आनि दूध म्हंतीस."

"दूध म्हणजे काय खाणं आहे का, भाभी?"

"मग काय हाय? हवा हाय?" ती म्हणाली. "आट दिस माझ्याकडं कोंबड्यांच्या मागं पळालं हे. आमच्यात चहा कोरा असतोय, दुधाचा थेंब न्हाय घरात. काल तू आलीस, आज हे. किती घालतीस तू रोज?"

मी सांगितलं. कट्ट्यावरचं. सकाळचं. जायफळाबरोबरचं. सुंठीबरोबरचं. लंघनाच्या चार बशा सगळ्यात शेवटी सांगितल्या.

"उपासाला?" भाभी म्हणाली. "चार बशा?" आणि तिनं कपाळावर हात मारला, राखेचा, सगळं कपाळ काळं झालं. "अगं बाई! म्हशीचं दूध रेडकासाठी असतंय. हे बघ केवढंय. ह्याच्यापेक्षा रेडकाचं शेन जड असंल!"

"पण सासूबाई म्हणतात माझ्या हातानं..."

"हात राहू दे तिकडं. हातात काय हुतं ते बघ की."

मी तिथंच भट्टीपाशी बसले. केसाळ्या हळूच येऊन माझ्या पायाला चिकटून उभा राहिला. मी त्याला उचललं की नाही आठवत नाही. मनात मागं-मागं जात होते, महिन्यामागून महिना. जेव्हा-जेव्हा मी बाजूला बसले तेव्हा-तेव्हा कट्टा बंद. दूध बंद. इतकं साधं. इतके महिने ते पोर, ते कुत्रं, मी वाढवायला बघत होते आणि रोज बशीनं मारत होते. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं? मी दोन्ही केलं नाही. भाभीच्या पोरीनं कोरा चहा आणून दिला, तो प्यायले.

सासूबाईंना पटलं नाही. "दुधानं कुनाचं कधी वाईट झालंय?" त्या म्हणाल्या. "आजवर ऐकलं न्हाय." पण मी हट्टाला पेटले. केसाळ्याला घरी आणलं. आता माझ्याच हातानं घालणार, म्हटलं. भात आणि मुगाचं पाणी, दिवसातून चार वेळा, चार-चार घास, दुधाचा थेंब नाही. तो मेला तर हात माझा. जगला तरी माझाच.

सासूबाई दारात बसून बघायच्या. पहिले दोन दिवस तसेच गेले. मी जेवले नाही, तो उपवास मात्र बिनदुधाचा होता. तिसऱ्या दिवशी फरक वाटला, पण मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. चौथ्या सकाळी मी अंगणात गेले, वाकले, आणि मग ओरडले, "आत्याबाई! आत्याबाई, इकडं या!"

सासूबाई गुडघे धरत आल्या. दोघी उभ्या राहिलो. काळ्या फरशीवर ते होतं, घट्ट, नीट, बोटाएवढं. रांगोळी बघावी तशा आम्ही बघत होतो. पलीकडची बाई सड्याची बादली खाली ठेवून आमच्याकडं बघत होती. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "चांगलं हाय की." आणि आत गेल्या. 'माझंच चुकलं' असं त्यांनी मला म्हणावं, अशी मी वाट बघत होते का? हो, बघत होते. दिवसभर बघितली.

संध्याकाळी गवळ्यानं विचारलं, "वैनी, पैलवान कुठाय?"

"पैलवानानं दूध सोडलं," मी म्हटलं. त्याला ती थट्टाच वाटली. अजूनही वाटत असेल.

मला पुढं दोन वर्षांनी मूल झालं. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांची गाठ मारायची फार घाई असते. मला नव्हती का?

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. त्या सकाळनंतर दहा-बारा दिवसांनी मी परत बाजूला बसले. मागची खोली, चटई, ताट. कॅलेंडरकडं बघून झालेलं असणार, मी दार ओढून घेतलं होतं. केसाळ्या माजघरात. त्याचा शेपटी आपटायचा आवाज येत होता आणि भाताचा वास येत होता.

मग दार ढकललं गेलं. सासूबाई उभ्या होत्या. एका हातात केसाळ्याची बशी, मऊ भात, वर मुगाचं पाणी. दुसऱ्या काखेत केसाळ्या.

मी घाईनं मागं सरले. "आत्याबाई, शिवेल ते मला. परत चुलीपाशी जाईल."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांनी बशी माझ्या चटईवर ठेवली, कुत्रं खाली सोडलं, आणि माझ्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "माझ्या हातनं खाईना झालंय ते. तूच घाल."

केसाळ्याच्या मिशीला भाताची दोन शितं चिकटलेली होती.

मी बशीतला एक घास बोटांनी कुस्करला आणि पुढं धरला. त्यानं तो खाल्ला. मग दुसरा.